लहान मुलीसाठी लोकरीची पिशवी: विणायची किती, आटवायची कशी आणि थांबायचं कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांच्या भाचीसाठी लोकरीची पिशवी विणून ती फेल्ट करायची आहे, म्हणजे ओल्या लोकरीचे तंतू घासून एकमेकांत अडकवायचे आणि विणकाम आटवून त्याचं जाड, घट्ट कापड करायचं. विणकाम येतं, स्वेटर-टोप्या केलेल्या आहेत, पण फेल्टिंग कधी केलेलं नाही. करून पाहावं म्हणून एक छोटा तुकडा विणून अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवला, तर तो जसाच्या तसा राहिला. मग चुकलं काय? पिशवी किती मोठी विणायची? मशीनला लावायची की हाताने करायची? आणि पट्टा कसा लावायचा?

गेली १८ वर्षं मी विणून आटवलेल्या वस्तू करते आहे. पिशव्या, चपला, टोप्या, मांजराच्या गाद्या, सगळं करून झालं. पण लहान मुलांच्या पिशव्या करताना अजूनही सगळ्यात जास्त जीव लागतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्या न आटलेल्या तुकड्याचं बघू. गरम पाण्याने लोकर आटते असं आपण ऐकत आलोय, पण ते अर्धंच खरं आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडं तंतूच्या टोकाकडे असतात. आपल्या केसांनाही असेच खवले असतात. एक लांब केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं ओढून बघा, खरखरीत लागतो. मुळाकडून टोकाकडे ओढला तर गुळगुळीत. लोकर भिजली, गरम झाली, साबण लागला की तंतू फुगतो, मऊ पडतो आणि खवले उघडतात. पण नुसते खवले उघडून काही होत नाही. त्यानंतर तंतू हलला पाहिजे, घासला गेला पाहिजे. खवल्यांमुळे तो एकाच दिशेला सरकू शकतो, मागे येऊ शकत नाही. शेजारचेही तसेच सरकतात आणि सगळे एकमेकांत कायमचे अडकतात. म्हणजे फेल्ट होतं ते घासण्यामुळे. गरम पाणी आणि साबण त्या कामाला मदत करतात एवढंच. तुमचा तुकडा पाण्यात नुसता पडून होता, त्यामुळे लोकर अस्सल असली तरी तो आटायचं कारण नव्हतं.

दुसरी शक्यता लोकरीचीच आहे. आपण बोलताना सगळ्या विणायच्या धाग्याला लोकर म्हणतो, पण त्यातला बराचसा अ‍ॅक्रिलिक असतो आणि अ‍ॅक्रिलिकला खवले नसतात. ते कितीही चोळा, फेल्ट होणार नाही. काही जणी धागा जाळून बघतात. अस्सल लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि ज्योत काढली की विझते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते. परीक्षा बरोबर आहे, पण आपल्या कामाला पुरेशी नाही. कारण शंभर टक्के लोकर असूनही न आटणारी एक जात बाजारात असते, ती म्हणजे सुपरवॉश. मशीनमध्ये धुता यावी म्हणून क्लोरीनची प्रक्रिया करून तिचे खवले बोथट केलेले असतात आणि वरून बहुधा राळेचा अगदी पातळ थर दिलेला असतो. जाळली तर तीही केसासारखीच जळते, पण फेल्ट होत नाही. गुंड्याच्या पट्टीवर सुपरवॉश किंवा मशीन वॉश लिहिलेलं दिसलं की तो गुंडा खाली ठेवायचा. टबात हात बुडवल्याचं चित्र असेल, म्हणजे फक्त हाताने धुवा, तर आशा आहे.

याहून खात्रीची परीक्षा आपल्या तळहातावर होते. हातभर धागा तोडा, त्याची सैलसर गुंडाळी करा, गरम पाण्यात भिजवा, साबणाचा एक थेंब टाका आणि दोन तळव्यांमध्ये गोळी वळतो तशी तीन-चार मिनिटं वळत राहा. पहिल्या मिनिटाला नुसता ओला गुंता वाटेल. मग हळूहळू तळव्याला त्याचा घट्टपणा जाणवायला लागतो. शेवटी वाटाण्याएवढी टणक गोळी झाली आणि धाग्याचं टोक ओढून सुटेना, म्हणजे लोकर कामाची. गोळी उलगडून परत धागा मोकळा झाला, तर ती लोकर स्वेटरला ठेवा. मी आजही नवीन लोकर आणली की आधी हेच करते, पट्टीवर काहीही लिहिलेलं असलं तरी.

लोकरीच्या जातीजातीतही फरक असतो. मेरिनो बारीक, मऊ आणि लवकर फेल्ट होणारी. आइसलँडची लोपी थोडी राठ, पण तिचं फेल्ट भक्कम होतं. सफोकसारख्या काही मेंढ्यांची लोकर मात्र फेल्ट व्हायला फार आढेवेढे घेते. आणखी एक गोष्ट पहिल्यांदा करणाऱ्यांना कोणी सांगत नाही: एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या दोन रंगांच्या लोकरी वेगवेगळ्या आटू शकतात. पांढऱ्याशुभ्र लोकरीपासून विशेष जपा. ब्लीच केलेली असली तर ती कधीकधी आटतच नाही. पांढरे पट्टे घातलेली माझी एक पिशवी तशीच फसली. निळा भाग छान घट्ट झाला आणि पांढरे पट्टे फुगलेल्या झालरीसारखे बाहेर आले. त्यामुळे जितके रंग वापरणार तितक्यांची गोळी वळून बघा. लाल किंवा गडद निळ्याशेजारी फिका रंग येणार असेल तर रंग उतरतो का, तेही त्याच वेळी कळेल.

आता माप. पिशवी अमुक टक्के मोठी विणा असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची लोकर, तुमच्या सुया, तुमचा हात आणि तुम्ही किती चोळता यावर ते ठरतं. म्हणून नमुन्याचा तुकडा विणायचाच, आणि तो मोठा विणायचा, २० बाय २० सेंटीमीटर. लहान तुकड्याच्या कडा फार आत येतात आणि माप फसवं निघतं. विणकाम नेहमीपेक्षा बरंच सैल हवं. स्वेटरला मध्यम जाडीची लोकर ४.५ ते ५ मिलिमीटरच्या सुयांवर विणतो. इथे तीच लोकर दोन पदरी घेऊन ८ किंवा ९ मिलिमीटरच्या सुयांवर विणा. टाक्यांमधून पलीकडचं दिसेल, विणकाम जाळीसारखं लोंबेल, आणि तुमच्यासारख्या नेटकं विणणाऱ्या बाईला ते बघवणार नाही. तरी तसंच राहू द्या. तंतूंना हलायला जागा मिळाली तरच ते एकमेकांत शिरतात. घट्ट विणलेलं कापड आटतं कमी आणि पुठ्ठ्यासारखं ताठ होतं.

समजा १० सेंटीमीटरमध्ये १२ टाके आणि १६ ओळी बसल्या. म्हणजे नमुन्याला २४ टाके, ३२ ओळी, एक ओळ सुलट एक ओळ उलट. त्याचं माप वहीत लिहा, मग पिशवी जशी आटवणार तशाच पद्धतीने तो आटवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. समजा तो १६ सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर उंच झाला. रुंदीपेक्षा उंची जास्त आटलेली दिसेल. सुलट-उलट विणकामात बहुतेक वेळा असंच होतं, म्हणून विणलेली पिशवी आपल्याला नेहमी विचित्र उंच दिसते. आता २० ला १६ ने भागलं की १.२५ येतात, आणि २० ला १४ ने भागलं की साधारण १.४३. हे तुमचे दोन गुणक. हवी असलेली रुंदी पहिल्याने गुणा, उंची दुसऱ्याने.

पाच वर्षांच्या मुलीला २० सेंटीमीटर रुंद, २० सेंटीमीटर उंच आणि तळाला ५-६ सेंटीमीटर खोल अशी पिशवी पुरते. एक चित्रांचं पुस्तक, रंगपेटी आणि एक बाहुली मावते. घेर होतो ५२ सेंटीमीटर, गुणिले १.२५ म्हणजे ६५, म्हणजे ७८ टाके. उंची २० गुणिले १.४३ म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटीमीटर, म्हणजे ४६ ओळी. हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत. तुमचा नमुना जे सांगेल तेच धरा.

विणायला पिशवी सोपी आहे. तळासाठी ३० टाके घालून १८ ओळी सगळ्या सुलट विणा. ९ उंचवटे दिसतील. सुईवरचे ३० टाके तसेच ठेवून गोल सुईने आखूड बाजूला प्रत्येक उंचवट्याला एक असे ९ टाके उचला, मग सुरुवातीच्या कडेचे ३०, मग दुसऱ्या आखूड बाजूचे ९. झाले ७८. आता सगळं गोलगोल सुलट, ४६ ओळी. शिवण कुठेच येत नाही, आणि फेल्टमध्ये ती नसलेलीच बरी, कारण शिवणीची कड जाड होऊन हाताला लागत राहते. नवीन गुंडा जोडताना गाठ मारू नका. दोन्ही टोकं उसवून एकमेकांवर ठेवा, ओलं करून तळव्यावर जोरात चोळा, धागा एकजीव होतो. शेवटची ओळ बंद करताना मात्र हात थोडा आवळा, नाहीतर तोंड घंटेसारखं पसरतं. लोकर नमुना आणि पट्ट्यासकट २०० ग्रॅम आणा, एकाच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली. थोडी उरली तर फुलापानांना लागतेच.

आटवायला बसण्याआधी दोन कामं. पिशवीच्या तोंडाला जाड सुती दोऱ्याने लांब लांब धावदोरा घालून दोन्ही कडा एकमेकींना टाचून टाका. सुती दोरा लोकरीत अडकत नाही, नंतर सहज ओढून निघतो, आणि तोंड पसरत नाही. आत एक जुनं सुती फडकं सरकवा, म्हणजे पुढची-मागची बाजू आतून एकमेकींना चिकटणार नाहीत. त्या एकदा चिकटून फेल्ट झाल्या तर पिशवीची गादी होते आणि ती सोडवता येत नाही.

मशीन की हात? तुमची पहिलीच पिशवी आहे, तर हाताने करा असं माझं स्पष्ट मत आहे. मशीनने काम जलद होतं, पण लोकर कुठल्या टप्प्यावर आहे ते कळत नाही, आणि फेल्टिंग म्हणजे मुख्यतः ते कळणं. टबात हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी घ्या, रबरी हातमोजे घातले तर ५०-५५ अंशांपर्यंत चालतं. पाच लिटरला एक चमचा लिक्विड सोप पुरे. जास्त घातलात तर फेसामुळे लोकर नुसती घसरते, घासली जात नाही. पिशवी बुडवा, दाबून आतली हवा काढा, आणि सुरुवातीची पाच मिनिटं अगदी हलक्या हाताने दाबत राहा.

इथे एक गोष्ट होईल आणि तुम्ही घाबराल. भिजलेली पिशवी आटायच्या ऐवजी मोठी होते. लोंबते, बेढब दिसते, टाके आणखी सैल वाटतात. ते बरोबर आहे. लोकरीचे तंतू फुगलेत आणि टाके मोकळे झालेत. या टप्प्यावर पिशवी जोरात पिळली तर ती एका जागी आटते आणि एका जागी तशीच राहते, म्हणून धीर धरा. पाच-सात मिनिटांनी वरवर मऊ लव आलेली दिसेल. मग जोर वाढवा. कपडे धुवायच्या खरबरीत फळीवर चारी दिशांना चोळा. तळ विसरू नका, आडव्या बाजू विसरू नका. दर पाच मिनिटांनी फडकं काढून हात आत घाला, बाजू सोडवा, पिशवी झटका, सपाट ठेवून टेपने मोजा. पाणी कोमट झालं की बदला. गरम-थंड पाण्यात आलटून पालटून बुडवायची पद्धत पुष्कळ जण सांगतात. मला त्याने कधी वेगळा फरक दिसला नाही. गरम पाण्यात तेवढाच वेळ नेटाने चोळलेलं बरं.

पहिली वीस मिनिटं काही होत नाहीये असं वाटतं, आणि मग अचानक सगळं भराभर व्हायला लागतं. आधी टाक्यांच्या खाचा पुसट होतात. कापड चिमटीत धरून आडवं ताणलं तर पूर्वी रबरासारखं यायचं, आता जेमतेम हलतं. प्रकाशासमोर धरलं तर भोकं दिसत नाहीत. या वेळी टेप हातात ठेवा आणि दर दोन मिनिटांनी मोजा. हवं ते माप यायला एक सेंटीमीटर उरला असताना थांबा. आटलेली लोकर परत मोठी होत नाही. कमी आटली असेल तर उद्या पुन्हा पाण्यात घालता येते. माझ्या तिसऱ्या-चौथ्या पिशवीच्या वेळी मी मशीनचं पूर्ण चक्र लावून बाहेर गेले होते. परत आले तेव्हा पिशवी जेमतेम पेन्सिली ठेवण्याइतकी होऊन बसली होती, जाड आणि दगडासारखी. पंधरा दिवसांचं विणकाम होतं. त्या दिवसापासून पिशवी पाण्यात असेपर्यंत मी तिथून उठत नाही.

पुढे कधी मशीन वापरायचं ठरवलंत तर पिशवी उशीच्या अभ्र्यात घालून तोंड घट्ट बांधा, नाहीतर सुटलेली लव पंपात जाऊन मशीन बंद पडेल. सोबत जुनी जीन्स किंवा दोन टेनिसचे चेंडू टाका, घासायला. टॉवेल नको, त्याचे तंतू लोकरीत कायमचे रुततात. वरून झाकण उघडणाऱ्या मशीनमध्ये मधे मधे बघता येतं. समोरून दार असलेल्या मशीनचं दार बहुतेक वेळा मधे उघडत नाही, तेव्हा सगळ्यात छोटं चक्र लावा आणि लागलं तर पुन्हा लावा. ड्रायरची फिरकी लावू नका. तिने पडलेली घडी नंतर जात नाही.

झाली की गार पाण्यात साबण निघेपर्यंत खंगाळा, शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला म्हणजे साबणाचा उरलासुरला अंश जातो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पिळायची नाही. टाचलेला दोरा काढा आणि आता आकार द्या. ओली असताना फेल्ट ऐकतं. एखादी बाजू दोन सेंटीमीटर आखूड झाली असेल तर दोन्ही हातांनी ओढून लांबवता येते. हव्या त्या मापाचा खोका प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, तळाचे चार कोपरे बोटांनी चिमटून काढा, आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. जाड फेल्ट वाळायला दोन ते तीन दिवस लागतात. खोका आधी काढलात तर पिशवी बसकी वाळते.

पट्ट्याबद्दल मी आग्रही आहे, कारण पिशवी मुलाची आहे. मोठ्यांच्या पिशवीसारखा लांब, न सुटणारा पट्टा लावू नका. घसरगुंडीच्या कठड्यात किंवा दाराच्या कडीत अडकला तर तो मानेला आवळतो. पाच वर्षांच्या मुलीला मी शक्यतो हातात धरायचे दोन आखूड बंदच लावते. तिला खांद्यावरचाच पट्टा हवा असेल, आणि बहुतेक मुलींना तोच हवा असतो, तर त्याचं एक टोक पिशवीला पक्कं शिवा आणि दुसरं टिचबटणाने किंवा वेल्क्रोच्या छोट्या तुकड्याने जोडा, म्हणजे जोराचा हिसका बसला की पट्टा आपोआप सुटतो. लावल्यावर स्वतः ओढून बघा. सहज सुटला पाहिजे. तरीही झोके-घसरगुंडीवर जाताना पिशवी काढून ठेवायची, हे तिला आणि तिच्या आईला आधीच सांगून ठेवा.

पट्टा ६ टाक्यांवर सगळ्या ओळी सुलट असा चपटा विणा आणि पिशवीबरोबरच आटवा. लांब झाला तरी काळजी नाही, फेल्ट कात्रीने कापलं तरी उसवत नाही. पण नुसता लोकरीचा पट्टा ओझ्याने वाढत जातो. मी एका मुलीला अशीच पिशवी दिली होती. तिने तिच्यात नदीकाठचे गुळगुळीत दगड भरले, रोज भरले, आणि महिन्याभरात पिशवी तिच्या गुडघ्याला लागायला लागली. तेव्हापासून पट्ट्याच्या आतल्या बाजूला मी सुती पट्टी शिवते. पट्टा ताणला जात नाही आणि मानेला लोकर टोचतही नाही. सुती कापड आधी धुऊन घ्या. अस्तर लावणार असाल तर तेही.

पिशवी बंद करायला चुंबकाचं बटण लावायचा मोह होईल, ते छान दिसतं. लहान मुलाच्या वस्तूला ते लावू नका. सुटलेली दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात, आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. मोठं लाकडी बटण घ्या, मागच्या बाजूला दुसरं छोटं चपटं बटण ठेवून दोन्ही एकत्र पक्क्या दोऱ्याने शिवा, म्हणजे फेल्ट फाटून बटण निघत नाही. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर बटण, मणी, टिकल्या काहीच नको. फेल्टच्या फटीतून फेल्टचीच दोरी ओवून बंद होईल असं करा. सजावट लोकरीच्याच धाग्याने भरतकाम करून करा, ते फेल्टवर फार सुंदर उठून दिसतं. खाचांच्या सुईने लोकर टोचून चित्र काढणार असाल तर शेवटी चित्रावरून हात फिरवून सुईचं तुटलेलं टोक आत राहिलं नाही ना, ते नक्की बघा. त्या सुया फार ठिसूळ असतात.

पिशवी मळली तर गार पाण्यात बुडवून दाबा, चोळू नका, नाहीतर ती आणखी आटेल. थोडा डाग असेल तर ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आणि नमुन्यासाठी विणून आटवलेला तो १६ बाय १४ सेंटीमीटरचा तुकडा टाकू नका. तीन बाजूंनी पिशवीच्या आत शिवला की खिसा होतो. बोटांत मावेल एवढं काहीतरी आणून भाची पहिल्या दिवशी त्यातच लपवेल.